परत येण्याचा पुरावा

दहिवडीच्या स्टँडवरून सकाळची सातारा गाडी सुटली तेव्हा आईच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली, एका परक्या देशाचं पत्र होतं. पत्र इंग्रजीत होतं. ताई परदेशी गेल्यापासून आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. त्यामुळे नकार मलाच वाचावा लागला आणि मलाच तो मराठीत सांगावा लागला. ‘भेट संपल्यावर आपण आमचा देश सोडून जाल, याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.’ हे वाक्य आईला सांगताना मला लाज वाटली होती. जणू ते मीच लिहिलं होतं.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. भित्री म्हणा हवं तर. माझ्या बहिणीला अजून तिथे राहायचं आहे.

ताई तिथे एका वृद्धाश्रमात नर्स आहे. दाजी गोदामात रात्रपाळी करतात. ताईला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे, पण डॉक्टरांनी तिला विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं. मग माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. वडील मुंबईला माथाडी (बाजारात ओझी उचलणारे कामगार) आहेत आणि मी साताऱ्यात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आई चौथीपर्यंत शिकली, वडील सातवीपर्यंत. तेव्हा व्हिसाचा अर्ज भरायचं काम कोणी न ठरवताच माझ्याकडे आलं आणि मी ते बिघडवलं.

कारण नकाराला दुसरंही एक कारण होतं. ‘अर्जदार, अर्जदाराचा पती आणि अर्जदाराचा भाऊ या तिघांची जन्मतारीख एक जून आहे. त्यामुळे कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका येते.’ अर्ज भरताना मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. आमच्या गावात एक जून हा कोणाचाही वाढदिवस असतो.

गाडी पुसेगाव सोडून कोरेगावकडे निघाली. माणातली करडी, दगडाळ जमीन मागे पडली आणि शेतांना रंग आला. आई खिडकीतून बघत म्हणाली, “हितनं फुडं पानी हाय.” एवढंच. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. मी अर्जातले प्रश्न पुन्हा मनात म्हणत होते. त्यातला एक असा होता: तुम्ही कधी दहशतवादी कृत्यात भाग घेतला आहे काय? पहिल्या खेपेला मी तो आईला विचारला तेव्हा तिनं शेळीची धार काढता काढता उलट विचारलं होतं, “ज्यानं घेतला आसंल त्यो व्हय म्हनून लिवतोय का?”

मला अजूनही याचं उत्तर माहीत नाही. प्रश्न तयार करणाऱ्यांना असावं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर परदेश सल्लागारांचं ऑफिस आहे. काचेचं दार, आत एसीचा गारठा, भिंतभर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर. साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. या साहेबांनी त्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला होता आणि बर्फाकडे तोंड करून खुर्ची मांडली होती.

बाकड्यावर आमच्या आधी एक निवृत्त सुभेदार बसले होते. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. त्यांनी आईला सरकून जागा दिली.

“कुठलं तुमी?”

“मानातलं. तुमी?”

“आमी हितलंच. पोरगा तिकडं हाय. नातवाला बघाय जायचं म्हनतोय, तर दोनदा न्हाई म्हनलेत.” ते हसले. “वीस वर्सं बॉर्डरवर काढली. आत कुनाला सोडायचं आनि कुनाला न्हाई, ते आमी ठरवायचो. आता आमचंच कागद उलटंपालटं करून बघत्यात.”

“मग आता काय करनार आवं?”

“तिसऱ्यांदा भरनार. माघारी फिरायची सवय न्हाई ना.”

आत सल्लागार साहेबांनी आमचं पत्र दोन बोटांनी धरून वाचलं. “केस वीक आहे, मॅडम,” ते मला म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणालं आणि तेही असल्या बातमीसाठी. “पहिली गोष्ट, बाळंतपण लिहायचंच नाही. टुरिझम लिहा. मम्मींकडून चार ठिकाणांची नावं पाठ करून घ्या. राजवाडा, पूल, म्युझियम, असं.”

आई म्हणाली, “मी लेकीला बघाय जानार का पूल बघाय?”

“लेकीलाच हो, मम्मी. पण तसं लिहायचं नसतं.”

“मग काय लिवायचं आसतंय?”

“त्यांना आवडेल ते.”

ते इतक्या सहज म्हणाले की मला तिथून उठावंसं वाटलं. उठले नाही. असल्या माणसांसमोर मला अजून ‘नाही’ म्हणता येत नाही, फार तर ‘बघते’ म्हणता येतं. मी ‘बघते’ म्हणाले.

मग साहेब ‘मायदेशी परत येण्याचं सबळ कारण’ या रकान्यावर आले. नोकरी? नाही. आईच्या नावावर जमीन? नाही. धंदा?

“सा शेळ्या हायत की,” आई म्हणाली.

“शेळ्या नका लिहू. हसतील ते.”

“हासंनात का. आमी काय त्येंच्याकडं चारा मागाय चाललोय?”

साहेबांनी शेळ्या लिहिल्या नाहीत. एक जूनचा घोळ मात्र निस्तरलाच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. आईच्या शाळेतला मूळ दाखला आणा, जन्माची सरकारी नोंद मिळाली तर उत्तमच, सगळ्याचं इंग्रजी करून नोटरी करा आणि मग या. आईची शाळा होती तिच्या माहेरी, कवठे महांकाळच्या बाजूला. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात.

आम्ही तशाच पुढे निघालो. सातारा-सांगली गाडी कराडच्या पुढे जाऊन बंद पडली. सगळे उतरून रस्त्याकडेच्या उसाच्या सावलीला बसले. मीही उतरले. आई उतरली नाही. “कागद सोडून मी न्हाई उतरत,” असं म्हणून ती तापलेल्या गाडीत पिशवीवर हात ठेवून तासभर बसून राहिली. कंडक्टरनं मला विचारलं, “पिशवीत सोनं हाय का काय?” मी नुसतीच हसले. व्हिसाचे कागद म्हणाले असते तर त्यानं आणखी चार प्रश्न विचारले असते आणि मी प्रश्नांना कंटाळले होते.

सांगलीहून मिरजमार्गे कवठे महांकाळ आणि तिथून वडापनं (माणसं भरेपर्यंत न हलणारी जीप) मामाचं गाव. दिवस मावळायला आला होता. वाटेत माळावर बेदाण्याची शेड लागली. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत घातलेली होती आणि त्यांचा गोडसर वास जीपमध्ये शिरत होता. मामा बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर वाट बघत उभा होता. तो आईला अक्का म्हणतो. कानडी मुलूख जवळ असल्यामुळे इकडे थोरली बहीण अक्का होते.

“म्हंजे माझ्या वाडदिवसामुळं तुजं इमान चुकलं म्हन की, अक्का,” मामा पाय धुवायला पाणी देत म्हणाला.

“तुज्यामुळं न्हवं. मास्तरामुळं.”

“त्यो मास्तर बरा. आपल्याला शाळंत तरी घेतलं.”

रात्री शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं कालवण होतं. आईनं त्या दिवसात पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

सकाळी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर कपाटातून काढून फडक्यानं पुसलं आणि आईचं पान उघडलं. एका पानावर सव्वीस मुलं होती. सव्वीस एक जून.

“यात मास्तरांची काही चूक नाही,” मुख्याध्यापक मला समजावून सांगू लागले. “तेव्हा पोराला पुढ्यात उभं करायचे आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी झाली. शाळा जूनला सुरू होते, म्हणून एक जून.”

“माजा लागत नव्हता,” आई मध्येच म्हणाली. “मी मान वाकडी केली हुती.”

मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. “माझीही एक जूनच आहे, बाई. एकतीस मेला आमच्यातले इतके जण एकदम रिटायर होतात की तालुक्यात हार पुरत नाहीत.”

त्यांनी संपूर्ण पानाची नक्कल दिली आणि ही पद्धत सगळीकडे होती असं सहीशिक्क्याचं पत्र दिलं. असं पत्र त्यांना आजवर कोणी मागितलं नव्हतं. मसुदा त्यांनी दोनदा लिहून पाहिला आणि दोन्ही वेळा मला वाचून दाखवला. त्या परक्या साहेबाला शिकवायला असा एखादा मास्तर मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. कान धरून.

तिथून तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. सल्लागारांनी जन्माची नोंद ‘मिळाली तर उत्तम’ म्हटलं होतं आणि मला ते खरं वाटलं होतं. तिथले म्हातारे कारकून तक्रार न करता शिडीवर चढले. तासाभरानं त्यांनी एक लांबट, कडा झिजलेलं रजिस्टर खाली आणलं. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मामानं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं वर्ष मी सांगितलं आणि त्यांनी बोट फिरवत फिरवत एका ओळीवर आणलं. बापाचं नाव आमच्या आजोबांचं. मुलाचं नाव नव्हतं, नुसतं ‘मुलगी’. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव, तेही आजोबांचंच, आणि त्यापुढे निळा अंगठा.

आजोबा गावचे कोतवाल होते. कोणाच्या घरी मूल झालं, कोण वारलं, ते पायी जाऊन पाटलाला कळवायचं, हे त्यांच्या कामातलं एक काम. सगळ्या गावाचे जन्म त्यांनी कळवले, तसा स्वतःच्या मुलीचाही कळवला. तारखेसकट. ती एक जून नव्हती. हिवाळ्यातली होती.

मला इतका आनंद झाला की मी लगेच नक्कल मागितली.

कारकुनांनी चष्मा काढला. “नक्कल देतो की. माजं काय जातंय? पन पोरी, पासपोर्टावर काय हाय?”

“एक जून.”

“आधारावर?”

“एक जून.”

“मग हा कागद त्या फायलीत गेला की तुजी आय खोटी ठरतीया. हे सगळं दुरुस्त कराय वरीस जाईल. तुज्या बहिनीला किती दीस राह्यलेत?”

दोन दिवस आम्ही खऱ्याच्या मागे एसटीनं, वडापनं, पायी फिरत होतो आणि ते सापडलं तेव्हा पुन्हा कपाटात ठेवायची वेळ आली. सव्वीस जणांची मिळून एकच चूक असली की तिचा पुरावा होतो. एकट्याचं खरं असलं की ती शंका. मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले त्यात हे कुठे नव्हतं.

आईनं विचारलं, “बाचा आंगठा कुठला?”

कारकुनांनी दाखवला. आईनं खाली वाकून बघितला. हात लावला नाही, साडीला पुसून तसाच मागे ठेवला. मग म्हणाली, “असू द्या. ठेवा आत.”

कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती मला म्हणाली, “म्हंजे मी समजत हुते त्यापरीस चार-पाच म्हैन्यांनी थोरली हाय तर.” आणि हसली. मला हसता आलं नाही.

दुपारी सांगलीत कोर्टाजवळ अनुवाद करून देणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. रजिस्टरचं पान इंग्रजीत टाईप करताना ते सोळाव्या नावावर थांबले. “बाई, एक जूनला तुमच्या गावात जत्रा भरवा. खर्च एकदाच होईल.” पान झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि परत येण्याचं कारण? त्याला काय जोडताय?”

माझ्याकडे जोडायला काही नव्हतं. नोकरी नाही, जमीन नाही, शेळ्या हसण्यावारी गेलेल्या. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा आणि भडंग घेऊन बसलो. मला राग आला होता. रागातच मी वहीचं पान फाडलं आणि पत्र लिहायला घेतलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं असं लिखाण, जे लाल शाईनं कोणी तपासणार नव्हतं आणि कोणी गुण देणार नव्हतं. मी लिहिलं:

‘माझी आई परत येईल की नाही, असं आपण विचारता. आमच्याकडे आई लग्न झालेल्या लेकीच्या घरी राहत नाही. जुनी माणसं तिथे पाणीही पीत नसत. लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं आमच्यात कमीपणाचं मानतात. बाळंतपणाला गेलेली आई सव्वा महिना थांबते आणि आपल्या घरी येते. माझी आईही बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत येईल. तिला आपला देश नको आहे. तिला तिची मुलगी बघायची आहे.’

शेवटची दोन वाक्यं मी दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली. मग आईला सगळं वाचून दाखवलं. ती भडंगातले शेंगदाणे वेगळे काढत ऐकत होती.

“मोजून सव्वाच लिवलंस?”

“हो. तेवढंच असतं ना?”

तिनं वेगळे काढलेले शेंगदाणे माझ्या बशीत टाकले. “व्हय,” म्हणाली. “आसतंय तेवढंच.”

अनुवाद करणाऱ्या मास्तरांनी पत्राचं इंग्रजी केलं. खाली आईनं सही केली. सही करायला तिला वेळ लागतो. एकेक अक्षर ती जमिनीत रोप लावावं तसं लावते.

साताऱ्याला परतल्यावर सल्लागार साहेबांनी ते पत्र वाचून कपाळाला हात लावला. “हे काय? निबंध आहे का? हे काढा.” या वेळी मी ‘बघते’ म्हणाले नाही. “हे राहू द्या,” म्हणाले. ते म्हणाले, “तुमची जबाबदारी.” पुण्याला जाऊन आई बोटांचे ठसे देऊन आली आणि आम्ही गावी वाट बघत बसलो.

व्हिसा मिळाला. का मिळाला ते कोणी कळवलं नाही. पहिल्यांदा का नाही ते दोन पानं भरून सांगणारे, दुसऱ्यांदा हो का, याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत. शिक्का सहा महिन्यांचा होता. वडिलांनी मुंबईत आईला विमानात बसवलं. ती पोचल्यावर नवव्या दिवशी ताईला मुलगी झाली.

मी फोनवर आईला सांगितलं, “सहा महिने राहता येतंय. रहा की निवांत.” ती म्हणाली, “बगू.” बाळाला सव्वा महिना झाला आणि त्याच आठवड्यात ती परत आली.

मी तिला आणायला साताऱ्याच्या स्टँडवर गेले. तिच्या अंगावर ताईनं घेतलेला जाड स्वेटर होता आणि ऊन मी म्हणत होतं. दहिवडी गाडीत शेजारी बसल्यावर मी बोलतच सुटले. बघ म्हणावं त्यांना आता, आली का नाही परत! खात्री पटली का म्हणावं! त्या साहेबाला तुझ्या परतीचं तिकीट पाठवून देते. मी एकटीच हसत होते.

कोरेगाव गेलं तरी आई खिडकीतूनच बघत होती. मग म्हणाली, “ताई लय रडली.”

“का?”

“दाजी रातपाळीला. हिची रजा संपाय आली. पोरीचं पोट दुखतंय, रातभर रडती. हिला काय सुदरत न्हाई.”

“मग राहायचं होतंस की, आई. परवानगी होती.”

“परवानगी हुती. पन तू सव्वा म्हैना लिवलं हुतंस आनि मी खाली सही केली हुती.”

“अगं, ते कोण मोजत बसतंय?”

“मोजत न्हाईत कसं? मोजायचं नव्हतं तर एवढं इचारलं कशाला आसतं?”

त्या पत्राचा मला अभिमान होता. मैत्रिणींना मी ते वाचून दाखवलं होतं. तिकडच्या कुठल्या साहेबानं ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसावं. पण आमच्या रीतीचा तोरा मिरवायला मी जी मुदत घातली, ती आईनं तिथे, लेकीच्या घरात, रोज मोजली असणार. नात मांडीवर घेऊन. सव्वाच लिवलंस का, असं तिनं विचारलं होतं, तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

पुसेगावला गाडी थांबली. आईनं स्वेटर काढला, घडी घालून पिशवीत ठेवला.

“फुडल्या खेपंला लिवशील तवा,” ती म्हणाली, “वाईच जास्त लिव.”